फोन किती पातळ असावा? जाडी, बॅटरी आणि रोजचा वापर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पातळ फोन घ्यावा का, त्याची बॅटरी पुरेल का, खिशात वाकेल का, हे प्रश्न आमच्याकडे सतत येतात. त्यांतले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर वेगळं वाचलं तरी कळेल. दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. आकडे २०२५ अखेरपर्यंत बाजारात आलेल्या फोनचे आहेत.

१. कंपनी सांगते ती जाडी नेमकी कुठे मोजलेली असते? कॅमेऱ्याचा उंचवटा त्यात धरतात का?

धरत नाहीत. जाहीर केलेली जाडी पाठीच्या सपाट भागाची असते. आयफोन एअरचे ५.६४ मिमी आणि गॅलक्सी एस२५ एजचे ५.८ मिमी, दोन्ही मापं कॅमेऱ्याचा भाग सोडून आहेत. घरी व्हर्नियर कॅलिपर असेल तर दोन मापं घ्या, एक पाठीच्या मध्यावर आणि दुसरं कॅमेऱ्याच्या काचेवर. दुसरं घेताना मध्ये कागदाचा तुकडा ठेवा, म्हणजे काचेला ओरखडा जाणार नाही. खिशात किंवा पर्समध्ये फोन किती जागा खाणार हे दुसऱ्या मापावरून कळतं. एकाच मॉडेलमध्ये लेदरसारखी पाठ असलेला रंग काचेच्या पाठीपेक्षा किंचित जाड असू शकतो, तेव्हा आपल्या रंगाचं माप वेगळं बघा.

२. आजचा साधारण फोन किती जाड असतो? पातळ कशाला म्हणायचं?

बहुतेक फोन ७.५ ते ८.५ मिमीच्या दरम्यान असतात. ६ मिमीच्या आत आला तर तो खरोखर पातळ.

२००० सालचा नोकिया ३३१० हा २२ मिमीचा होता. २००७ चा पहिला आयफोन ११.६ मिमी, तर २०१४ चा आयफोन ६ हा ६.९ मिमी. तिथून जाडी पुन्हा वाढत गेली. आयफोन १७ प्रो मॅक्स ८.७५ मिमीचा आहे.

अतिपातळ फोन ही काही नवी गोष्ट नाही. २०१४ मध्ये ओप्पो आर५ (४.८५ मिमी) आणि विवो एक्स५ मॅक्स (४.७५ मिमी) आले. २०१५ मध्ये आपल्याकडच्या मायक्रोमॅक्सने कॅनव्हास स्लिव्हर ५ आणला होता, ५.१ मिमी आणि फक्त ९७ ग्रॅम. हातात घेतला की फोन नसून नुसतं कव्हर आहे असं वाटायचं. पण या सगळ्यांची बॅटरी २,००० एमएएचच्या (मिलिअँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता मोजायचं एकक) आसपास होती. ती लाट ओसरली ती मुख्यतः त्यामुळेच, असं आमचं मत आहे.

३. फोनची जाडी कशाकशाने बनते?

पुढून मागे जाऊ. पुढची काच साधारण अर्धा ते पाऊण मिमी. तिच्याखाली ओएलईडी पॅनल, टच आणि चिकट थर मिळून सुमारे १ मिमी. मग मधली धातूची फ्रेम, तिच्यामागे ३ ते ५ मिमीची बॅटरी, शेवटी अर्धा ते पाऊण मिमीची पाठ. शिवाय बॅटरी फुगण्यासाठी मुद्दाम सोडलेली फट. डिस्प्ले एलसीडीचा असेल तर मागे बॅकलाइटचा थर वाढतो, म्हणून पातळ फोन बहुधा ओएलईडीच असतो.

मदरबोर्ड बॅटरीच्या शेजारी बसतो, तिच्यावर नाही. त्यामुळे काच आणि पाठ कितीही घासली तरी मोठी बचत करायची म्हटली की कात्री बॅटरीवरच येते.

४. जाडी १ मिमीने कमी केली तर बॅटरी किती कमी होते?

कागदावरचं गणित असं आहे. ६.७ इंची फोन साधारण १६० बाय ७५ मिमीचा असतो, म्हणजे १२,००० चौरस मिमी. त्यातली ४० टक्के जागा बॅटरीला धरली तर ४,८०० चौरस मिमी. तिच्यावर १ मिमीचा थर म्हणजे ४.८ मिलिलिटर, एका चहाच्या चमच्याएवढं आकारमान. नेहमीच्या लिथियम बॅटरीत लिटरमागे सुमारे ७०० वॉट-अवर ऊर्जा मावते, त्या हिशेबाने हे झाले ३.३६ वॉट-अवर. ३.८५ व्होल्टने भागलं की उत्तर येतं सुमारे ८७० एमएएच.

आता बाजारातल्या दोन जोड्या बघा.

गॅलक्सी एस२५ प्लस : ७.३ मिमी, ४,९०० एमएएच. एस२५ एज : ५.८ मिमी, ३,९०० एमएएच. दोन्हींचा डिस्प्ले ६.७ इंचांचा. दीड मिमीला १,००० एमएएच गेले.

२०१६ चा मोटो झेड प्ले : ७ मिमी, ३,५१० एमएएच. त्याच वर्षीचा मोटो झेड : ५.२ मिमी, २,६०० एमएएच. दोन्ही ५.५ इंची. १.८ मिमीला ९१० एमएएच.

म्हणजे प्रत्यक्षात १ मिमीला ५०० ते ७०० एमएएच जातात. हा आकडा गणितापेक्षा कमी येतो, कारण २०१६ च्या बॅटरीत तेवढ्याच जागेत आजच्याहून कमी ऊर्जा मावायची, आणि हल्लीच्या पातळ फोनमध्ये बोर्ड आक्रसून बॅटरीला जास्त क्षेत्रफळ दिलेलं असतं. आयफोन एअरमध्ये तर बोर्डाचा बराचसा भाग कॅमेऱ्याच्या उंचवट्यातच बसवला आहे.

उलट दिशेनेही एक तोटा होतो. बॅटरीच्या पाकिटाचं आवरण दोन्ही बाजूंना साधारण ०.१ मिमी असतं. ५ मिमीच्या बॅटरीत हे ०.२ मिमी म्हणजे ४ टक्के. ३ मिमीच्या बॅटरीत तेच ७ टक्क्यांच्या घरात जातं. बॅटरी जितकी चपटी, तितकं तिच्यात माल कमी आणि वेष्टण जास्त.

५. मग ७,००० एमएएचच्या वरची बॅटरी ८ मिमीच्या आत कशी बसते?

२०२० चा गॅलक्सी एम५१ हा ७,००० एमएएच, ९.५ मिमी आणि २१३ ग्रॅम. २०२५ चा विवो टी४ ५जी हा ७,३०० एमएएच, ७.८९ मिमी आणि १९९ ग्रॅम. पाच वर्षांत बॅटरी वाढली आणि फोन दीड मिमीहून जास्त पातळ झाला. फरक पाडला तो सिलिकॉन-कार्बन बॅटरीने.

नेहमीच्या बॅटरीत ऋण बाजूला ग्रॅफाइट असतं. १ ग्रॅम ग्रॅफाइटमध्ये जास्तीत जास्त ३७२ एमएएच मावतात. सिलिकॉनमध्ये त्याच्या नऊ-दहापट. ग्रॅफाइटमध्ये थोडंसं सिलिकॉन मिसळलं तरी तेवढ्याच क्षमतेला थर पातळ पुरतो. टेक्नो पोव्हा स्लिम ५जी ५.९५ मिमीचा असून त्याची बॅटरी ५,१६० एमएएच आहे, ती याच वाटेने. गॅलक्सी एस२५ आणि आयफोन १७ च्या मालिका मात्र जुन्या ग्रॅफाइटच्याच बॅटरीवर आहेत, म्हणून जवळपास तेवढ्याच जाडीत त्यांचे आकडे लहान दिसतात.

५,००० च्या आसपास बरेच फोन अडकलेले दिसतात, त्यामागे वाहतुकीचा नियमही आहे. एका सेलमध्ये २० वॉट-अवरपेक्षा जास्त ऊर्जा असली की मालवाहतुकीचे नियम कडक होतात. २० वॉट-अवर म्हणजे साधारण ५,२०० एमएएच. त्यामुळे याहून मोठी बॅटरी पुष्कळदा दोन सेलची केलेली असते.

६. सिलिकॉन-कार्बन बॅटरी लवकर फुगते, हे खरं का?

भीतीला आधार आहे. चार्ज होताना ग्रॅफाइट सुमारे १० टक्के फुगतं, शुद्ध सिलिकॉन मात्र तिप्पट-चौपट आकाराचं होतं. म्हणून सिलिकॉन शुद्ध वापरत नाहीत. त्याचे अतिसूक्ष्म कण कार्बनच्या सच्छिद्र जाळीत बसवतात, म्हणजे ते आतल्या आत फुगतात. प्रमाणही कमी ठेवतात. चांगली बनवलेली बॅटरी व्यवस्थित चालते.

घेताना दोन गोष्टी विचारा : ८० टक्के क्षमता किती चार्ज-चक्रांपर्यंत (एक चक्र म्हणजे पूर्ण बॅटरीएवढा एकूण वापर) राहील, आणि बॅटरी बदलायला किती खर्च येईल. पहिला आकडा कंपनी उघड सांगत नसेल तर आम्ही तो फोन सुचवत नाही. फुगल्याची लक्षणं आणि उपाय प्रश्न १८ मध्ये आहेत.

७. एमएएच १५ टक्के कमी म्हणजे बॅटरी १५ टक्के लवकर संपणार का?

तसं सरळ होत नाही. आयफोन १७ ची बॅटरी ३,६९२ एमएएच, आयफोन एअरची ३,१४९. फरक सुमारे १५ टक्के. ॲपलच्या आकड्यांत व्हिडिओ चालतो अनुक्रमे ३० आणि २७ तास, म्हणजे फरक १० टक्के. चिप आणि डिस्प्ले वीज जपून वापरत असतील तर थोडी भरपाई होते.

पण हा घरबसल्या व्हिडिओचा हिशेब. हॉटस्पॉट, नकाशा, उन्हातला पूर्ण ब्राइटनेस, लोकलमध्ये दर मिनिटाला बदलणारा टॉवर, घाटातली क्षीण रेंज, इथे काटकसर चालत नाही आणि लहान बॅटरी उघडी पडते.

आपल्याला किती लागतं ते स्वतःच मोजा. सकाळी फोन १०० टक्के करा आणि नेहमीच्या कामाच्या दिवशी रात्री किती उरले ते बघा. समजा ५,००० एमएएचच्या फोनमध्ये ३० टक्के उरले. म्हणजे तुम्ही दिवसाला ३,५०० एमएएच वापरता. जुन्या फोनची बॅटरी झिजलेली असेल तर सेटिंग्जमधल्या बॅटरी हेल्थचा आकडा त्याला गुणा. ८५ टक्के हेल्थ असेल तर ५,००० चे ४,२५० धरायचे, आणि तुमचा वापर निघेल २,९७५. असं आठवडाभर करा आणि सर्वांत जास्त वापराचा दिवस धरा. नव्या फोनची बॅटरी त्याच्या सव्वापट असली तर दिवस निघतो. वर्ष-दोन वर्षांनी क्षमता घटते तेव्हाही हीच सव्वापट कामी येते.

८. पातळ फोनची बॅटरी लवकर झिजते का?

रसायन तेच असलं तरी हो, कारण लहान बॅटरी जास्त वेळा भरावी लागते. प्रश्न ७ मधल्या, दिवसाला ३,५०० एमएएचच्या वापरात ५,००० ची बॅटरी रोज ०.७ चक्र फिरते, वर्षाला सुमारे २५५. ३,१४९ ची बॅटरी रोज १.११ चक्र, वर्षाला सुमारे ४०५. दोघींना १,००० चक्रांचं आयुष्य धरलं तर पहिली जवळजवळ चार वर्षं चालते, दुसरी अडीच वर्षं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून ८०० चक्रांनंतरही ८० टक्के क्षमता राहिली पाहिजे अशी अट आहे, त्यावरून चांगल्या बॅटरीची किमान अपेक्षा कळते.

८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आयुष्य वाढवते. पण ३,१४९ चे ८० टक्के म्हणजे २,५००. पातळ फोनवर ही सोय रोज वापरणं कित्येकांना परवडत नाही.

९. पातळ फोन जास्त गरम होतो असं का वाटतं?

चिप तेवढीच उष्णता सोडते, ती पसरायला धातू आणि जागा कमी असते. चिप आणि तुमचं बोट यांच्यातलं अंतरही घटतं. पाठ ठरावीक तापमानाला पोचली की फोन स्वतःच वेग कमी करतो, मग ब्राइटनेस उतरवतो आणि चार्जिंग थांबवतो. गेम पहिली दहा मिनिटं झकास चालून मग अडखळतो तो यामुळे.

धातूचाही भाग आहे. टायटॅनियम मजबूत खरं, पण ॲल्युमिनियमच्या तुलनेत उष्णता फार मंद वाहून नेतं. आयफोन एअरची फ्रेम टायटॅनियमची आहे. जाड असलेल्या १७ प्रोला ॲल्युमिनियमची चौकट आणि आत व्हेपर चेंबर (उष्णता पसरवणारी चपटी बंद पेटी) दिलं आहे. जास्त वेळ जोर लावायचा असेल तर तोच योग्य.

ॲपल आपले फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरायला सांगतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे सावलीतच ४५ अंश असतात. तिथे चार्जिंग करताना कव्हर काढा, गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवू नका, आणि फास्ट चार्जरऐवजी साधा वापरा. गरम फोन फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं आणि बोर्ड जातो. पंख्याखाली, फरशीवर पालथा ठेवला तरी पुरतं.

१०. जीन्सच्या मागच्या खिशात ठेवून बसलो तर वाकेल का?

वाकू शकतो. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ८ मिमीच्या जागी ५.६ मिमी केली की ताठपणा जवळपास एक तृतीयांशावर येतो. फोन अखंड पट्टी नाही, चौकट आहे, आणि कंपन्या मजबूत धातू वापरून पुष्कळ भरपाई करतात. तरी मूळ गणित बदलत नाही.

२०१४ मध्ये आयफोन ६ प्लस खिशात वाकल्याच्या तक्रारी जगभर गाजल्या. वाकण्याची जागा बहुधा एकच : आवाजाच्या बटनांची खाच, कारण तिथे चौकट कापलेली असते. पुढच्या वर्षीच्या ६एस मालिकेत ७००० श्रेणीचं जास्त मजबूत ॲल्युमिनियम आलं आणि ६एस हा ६ पेक्षा किंचित जाडही झाला, ७.१ मिमी.

टेबलावर उताणा ठेवून फोन वाकलाय का हे बघू नका, कॅमेऱ्याच्या उंचवट्याने तो तसाही डुगडुगतो. काचेची बाजू खाली करा आणि कडेने उजेड बघा. मध्ये फट दिसली तर वाकलाय. हाताने सरळ करायला जाऊ नका, आत बॅटरी आहे.

११. पातळ फोन पडल्यावर जास्त फुटतो का?

आपटण्याची ऊर्जा वजनावर ठरते, आणि पातळ फोन हलका असतो. १ मीटरवरून १६३ ग्रॅमचा फोन १.६ जूल ऊर्जेने आपटतो, २३० ग्रॅमचा २.२५ जूलने. कडेवर पडला तर मात्र पातळ चौकट कमी ऊर्जा पचवते. एकूण फरक फरशी आणि कोन यांचाच मोठा.

१२. पातळ फोनचा कॅमेरा कमकुवत का असतो?

भिंग आणि सेन्सर यांच्यात अंतर लागतंच. सेन्सर मोठा केला की भिंगांची रास उंच होते, आणि ही उंची फोनच्या जाडीपेक्षा जास्त भरली की उंचवटा येतो. म्हणून पातळ फोनमध्ये मुख्य कॅमेरा चांगला ठेवून बाकीचे गाळतात. आयफोन एअरला मागे एकच ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे. एस२५ एजला २०० मेगापिक्सेलचा मुख्य आणि एक अल्ट्रावाइड (रुंद दृश्य टिपणारा), टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारा) नाही. एस२५ प्लसला तो आहे, तीन पट झूमचा.

पेरिस्कोप भिंगात प्रिझमने प्रकाश ९० अंशांत वळवून भिंगं आडवी बसवतात. त्याने उंची वाचते, पण आडवी जागा जाते, आणि तिथे पुन्हा बॅटरी आडवी येते. लग्नात स्टेजवरचे किंवा मुलांच्या स्नेहसंमेलनातले फोटो लांबून काढत असाल तर टेलिफोटो नसलेला फोन घेऊ नका. मुख्य कॅमेऱ्यातून कापून मोठा केलेला फोटो दोन पटींपर्यंत बरा दिसतो, पुढे चेहरे मेणासारखे होतात.

१३. हेडफोनचं भोक पातळपणामुळे गेलं का? मग यूएसबी-सीसुद्धा जाणार?

फक्त जाडीमुळे गेलं असं म्हणता येत नाही. ४.८५ मिमीच्या ओप्पो आर५ ला ३.५ मिमीचं भोक नव्हतं, त्याहून पातळ विवो एक्स५ मॅक्सला होतं. भोकाची लांबी फोनच्या आत बरीच खोल जाते आणि ती जागा बॅटरीला हवी असते, हे जास्त खरं कारण.

यूएसबी-सीच्या तोंडाची उंची सुमारे २.६ मिमी. भोवतीची भिंत धरली की ४ मिमीच्या आसपास मर्यादा येते. उघडल्यावर ४.२ मिमी भरणारे घडीचे फोन तिथे पोचलेच आहेत.

१४. पातळ फोनमध्ये सिमचा ट्रे नसतो का? ई-सिमवर काय अडतं?

सगळ्यांत नाही. आयफोन एअर जगभर फक्त ई-सिमवर (फोनमध्येच बसवलेलं, काढता न येणारं सिम) चालतो, एस२५ एजला ट्रे आहे. नॅनो सिम १२.३ बाय ८.८ बाय ०.६७ मिमी एवढंच असतं, पण ट्रे, वाचक आणि पाणी अडवणारी रबरी कड मिळून बॅटरीची बरीच जागा खातात.

अडचण येते ती फोन बंद पडल्यावर. साधं सिम काढून जुन्या हँडसेटमध्ये घातलं की दोन मिनिटांत काम होतं. ई-सिमचं तसं नाही, आणि ओटीपी थांबला की बँकेची कामं अडतात. म्हणून ई-सिमचा फोन घेण्याआधी बँकेत नोंदवलेला नंबर आणि मोबाइल कंपनीकडे नोंदवलेला ईमेल चालू आहेत ना, ते तपासा. ईमेल बंद असेल तर आधी तो बदलून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी घेत असाल तर आम्ही ट्रे असलेलाच फोन सुचवतो.

१५. कव्हर लावलं की पातळपणा गेलाच ना?

बराचसा जातो. नेहमीचं मऊ कव्हर पाठीला १ ते १.५ मिमी आणि पुढच्या कडेला अर्धा-एक मिमी वाढवतं. ५.६ चा फोन ८ मिमीवर येतो. वजनही २५ ते ४० ग्रॅमनी वाढतं.

कव्हर हवंच असेल तर १ मिमीच्या आतलं ॲरामिड धाग्याचं घ्या, किंवा फक्त कडा सांभाळणारं बंपर. एक बघा : कव्हरची कड कॅमेऱ्याच्या काचेपेक्षा उंच आहे का? पातळ फोनला उंचवटा मोठा असतो, आणि स्वस्त कव्हर तिथे कमी पडतं. मग टेबलावर फोन भिंगावरच टेकतो.

१६. हातात हलका-पातळ वाटतो तो जाडीमुळे की वजनामुळे?

आधी वजन, मग रुंदी, मग कडांचा गोलवा, आणि जाडी शेवटी. रात्री आडवं पडून वाचताना करंगळी दुखते ती वजनाने. एस२५ एज १६३ ग्रॅम, एस२५ प्लस १९० ग्रॅम, आयफोन १७ प्रो मॅक्स २३० ग्रॅमच्या आसपास. अंगठा पलीकडच्या कडेला पोचत नसेल तर फोन पातळ करून काही साधत नाही, अरुंद घ्यावा लागतो. चपट्या, धारदार कडांचा ७ मिमीचा फोन गोल कडांच्या ८ मिमीच्या फोनपेक्षा जास्त टोचतो.

१७. घडीचा फोन घ्यायचा तर जाडीचा विचार कसा करायचा?

दोन आकडे बघा. गॅलक्सी झेड फोल्ड६ बंद असताना १२.१ मिमी आणि २३९ ग्रॅम होता. झेड फोल्ड७ बंद ८.९, उघडा ४.२ मिमी आणि २१५ ग्रॅम. खिशात तो साध्या फोनसारखाच बसतो. बॅटरी मात्र दोन्हींत ४,४०० एमएएच, आणि फोल्ड७ मध्ये एस पेनची सोय गेली, कारण पेन ओळखणारा थर काढला. पेनने लिहिण्यासाठी घेत असाल तर हा फोन तुमच्या कामाचा नाही.

१८. माझा जुना फोनच जाड झालाय. डिस्प्ले एका बाजूने वर आलाय. चालू ठेवू का?

ठेवू नका. बॅटरी फुगली आहे, आतमध्ये वायू तयार झालाय.

चार्जरवर असेल तर लगेच काढा. फोन बंद करा. डिस्प्ले दाबून परत बसवायचा प्रयत्न करू नका, टाचणी टोचू नका, क्लिप किंवा रबरबँड लावू नका. गादी, उशी, कागदांपासून दूर, फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत ठेवा. डेटा हवा असेल तरी चार्ज करू नका. सर्व्हिस सेंटरला तसं सांगा, ते बॅटरी बदलून मग डेटा काढतात. जुनी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या.

पातळ फोनमध्ये फुगवट्यासाठी सोडलेली फट कमी असते, त्यामुळे तो लवकर वर येतो. एका अर्थी बरंच, वेळीच दिसतं. जागा अपुरी पडली तर काय होतं ते २०१६ मध्ये गॅलक्सी नोट ७ ने दाखवलं. सॅमसंगने जानेवारी २०१७ मध्ये जाहीर केलेल्या कारणांनुसार एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्यापाशी जागा कमी पडून आतला ऋण थर दुमडला आणि शॉर्ट सर्किट झालं.

१९. बॅटरी बदलताना जास्त एमएएचची बसवता येते का?

तेवढ्याच आकारात आकडा दहा टक्क्यांहून जास्त वाढलेला दिसला तर तो बहुधा फक्त स्टिकरवर वाढलेला असतो. आणि जर बॅटरी खरोखरच जाड असेल तर ती पाठीवर किंवा डिस्प्लेवर दाब देते, काही दिवसांत डिस्प्लेवर पांढरा डाग उमटतो. मूळ मापाचीच घ्या. बसवल्यावर पाठ सगळीकडे सारखी बसली आहे ना, चिकट पट्टी नवी लावली आहे ना, हे दुकानातच बघा. फोन उघडला की पाण्यापासूनचं मूळ संरक्षण गृहीत धरू नका.

२०. दुचाकीच्या होल्डरमध्ये पातळ फोन चालतो का?

चार बोटांच्या होल्डरची पकड बहुधा जाड फोनसाठी असते. पातळ फोन खड्ड्यात सुटतो, म्हणून मागे रबराचा तुकडा किंवा जाड कव्हर लावा. पकड आवाजाच्या बटनांवर येऊ देऊ नका, बटन दाबलेलं राहतं आणि चौकटीच्या कमजोर जागीच ताण येतो (प्रश्न १०). इंजिनाची थरथर कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरणाला बिघडवू शकते. ॲपलने २०२१ मध्ये तसं लेखी सांगितलं आहे आणि स्कूटर-मोपेडलाही थरथर शोषणारा माउंट सुचवला आहे. उन्हाचं प्रश्न ९ मध्ये आलंच.

२१. पातळ फोन घेऊन पाठीला चुंबकी पॉवर बँक लावली तर?

अधूनमधून लागणार असेल तर चांगला मार्ग. रोजच लागणार असेल तर जाड फोनच घ्या. आयफोन एअरसाठी ॲपलने काढलेल्या चुंबकी बॅटरीत फोनमधल्याएवढ्याच क्षमतेचा, ३,१४९ एमएएचचा सेल आहे. तरी तिने फोन सुमारे ६५ टक्केच भरतो, असं ॲपल स्वतः सांगतं. उरलेली ऊर्जा वायरलेस चार्जिंगच्या उष्णतेत आणि रूपांतरात जाते. तीच क्षमता केबलच्या पॉवर बँकेत घेतलीत तर जास्त पदरात पडतं.

२२. दुकानात पाच मिनिटंच मिळतात. काय बघू?

डेमो फोनची चोरीविरोधी पट्टी शक्य असेल तर काढायला सांगा, तिच्यामुळे वजन कळत नाही. एका हातात धरून पलीकडच्या कोपऱ्याला अंगठा लावून बघा. टेबलावर ठेवून टाइप करा, किती डुगडुगतो ते कळेल. कॅमेरा उघडून तीन मिनिटं व्हिडिओ चालू ठेवा आणि पाठीला, कॅमेऱ्याशेजारी, बोट लावा. एसी दुकानातही चटका बसत असेल तर बाहेर काय होईल याचा अंदाज येतो. त्याच फोनचं कव्हर लावून पुन्हा हातात घ्या, कारण घरी तो तसाच वापरणार आहात. आणि प्रश्न ७ मधला तुमचा रोजचा एमएएचचा आकडा घरूनच कागदावर लिहून न्या.